अज्जांची बंदूक आणि समईमागची गोळी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. धारवाडला मुलींच्या शाळेत मी गणित शिकवते. उत्तर जुळलं नाही तर पायऱ्या पुन्हा तपासायच्या, एवढंच मला ठाऊक. या एका गणिताच्या पायऱ्या मात्र अजून तपासतेच आहे...

माझे वडील, अप्पा, वकील. जुन्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या, बंदुका जमवण्याचा नाद घरात अज्जांपासूनचा — अज्जा म्हणजे अप्पांचे वडील. सगळ्या लायसन्सच्या, तेलपाणी केलेल्या. दर दसऱ्याला केलगेरीच्या तळ्यापलीकडच्या माळावर अज्जा सगळ्यांत जुन्या बंदुकीनं मडकं फोडत. नुकत्याच संपलेल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट — अज्जा गेल्यानंतरचा पहिला दसरा. अप्पांची नजर अधू, माझ्या भावाचा, अण्णाचा, हात कापतो. अप्पा म्हणाले, "सुमे, यंदा मडकं तू फोडायचं." भाऊबंदांनी नाकं मुरडली. मुरडू देत! अज्जांनी बंदूक ठासायला शिकवलं होतं ते मलाच.

अज्जांचा एक नियम होता. ठासण्याआधी लोखंडी गज नळीत नुसता सोडायचा आणि कान द्यायचा. 'ठण्ण' वाजलं तर नळी रिकामी, 'थप्प' झालं तर आत दारू-गोळीचा बार आहे. माळावर सगळ्यांसमोर मी गज सोडला. ठण्ण! अगदी स्वच्छ. मग दारू, गोळी, ठिणगीसाठी चापाजवळची टोपी... धूर विरला तेव्हा मडक्याच्या जागी नुसती खापरं! नाकं मुरडणारेच खापरं वेचायला धावले. अप्पांनी पाठ थोपटली. काय सांगू, अभिमानानं मला जमीन दिसत नव्हती.

परतताना अण्णानं सहज विचारलं, "आधीची गोळी कशानं काढलीस ग?"

"कुठली आधीची?"

"अय्यो! काल खंडेनवमीच्या पूजेला मी बार भरलेला की! रिकामं हत्यार अज्जा कधी पूजेला ठेवत होते काय?"

अप्पा जागीच थांबले. भरलेल्या नळीत दुसरा बार ठासून चाप ओढला असता, तर ती म्हातारी नळी माझ्या तोंडासमोर फुटली असती.

पूजेचा बार दसऱ्याच्या सकाळी अज्जाच काढत — गजाच्या टोकाला पेच लावायचा, तो शिशाच्या गोळीत रुतवून ओढायचा. पण तो पेच मोडलेला, हुबळीला कमरीपेठेत लोहाराकडे पडलेला! आणि बंदूक पूजेपासून कुलूपबंद देवघरात, किल्ली अप्पांच्या कमरेला.

"तू भरायला विसरला असशील," मी अण्णाला म्हटलं. घरी येऊन तो तडक देवघरात गेला. काढलेली गोळी अज्जा नेहमी समईमागे ठेवत. तिथं ती होती... अण्णानं आदल्या दिवशीच शिसं वितळवून ओतलेली, चकचकीत. मधोमध पेचाचं ताजं भोक.

अप्पा अजून येईल-जाईल त्याला छाती फुगवून सांगतात, "आमच्या सुमीचा नेम बघायला अज्जा आले होते." गणिताची बाई असूनही मी त्यांना एकदासुद्धा टोकलेलं नाही.