वाचता येत नसलेला कागद

निवृत्तीनंतर मी शिवाजी पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात मोडी कागद वाचायला जायचो. तिथली वाळवी लागलेली दप्तरं वाचवायचा सगळा खर्च गावातल्या एका कारखानदारांनी उचलला होता. मला त्यांचं कौतुक वाटायचं.

एकदा मी त्यांना त्यांच्याच घराण्याचा कागद हौसेनं वाचून दाखवला. त्यांच्या पणजोबांनी एका महार कुटुंबाची वतनाची जमीन धाकानं बळकावली, अशी ती तक्रार होती.

त्यांनी कागद माझ्या हातून घेऊन घडी घातला. मग म्हणाले, "गुरुजी, ह्यो कागद खराब झालाय. वाचता येत न्हाय, असं लिवा की."

"अहो, आत्ताच वाचला की मी."

"मग बाकीची दप्तरं वाळवीला घालायची काय?"

मी ग्रंथालयाच्या कागदांच्या यादीत तसं लिहिलं. कागद ते घेऊन गेले.

वाचवलेल्या दप्तरांच्या दालनाच्या उद्घाटनाला त्यांनी मला शाल घातली. पुढच्याच आठवड्यात त्या तक्रारीतल्या गावची, त्याच आडनावाची एक शिक्षिका आली.

"सर, आमच्या घरचं काही सापडलं का?"

मी नाही म्हणालो. "एवढं सगळं जपताय, लई मोठं काम हाय," असं म्हणून ती गेली.