बाण मी काढणार नाही

विक्रोळीच्या ऑफिसात बिननावाच्या फंक्शनवरून, म्हणजे कोडच्या एका छोट्या तुकड्यावरून, आमचं असं जुंपलं की खाडीतले बगळे घाबरून ठाण्याला पळाले. टीम लीडचं फर्मान निघालं होतं: कोडमध्ये ‘फंक्शन’ हा शब्द लिहायचा नाही, त्याजागी नुसता ‘=>’ असा बाण काढायचा. नाहीतर माझा कोड पास होणार नाही.

“टायपिंग कमी होतं ना रे!” तो म्हणाला.

“मग उरलेल्या अक्षरांचं काय लोणचं घालू?”

चिडून त्याने माझं फंक्शन सगळ्यांसमोर बाणाने लिहिलं, महिरपी कंसात कोंबलं आणि घाईत उत्तर परत पाठवणारा ‘रिटर्न’ हा शब्द लिहायलाच विसरला. स्क्रीनवरची ग्राहकांची अख्खी यादी कोरी झाली.

“ही माझी चूक, बाणाची नाही,” तो गुरगुरला.

माझा कोड अजून त्याच्याकडे अडकलाय. सडू दे तिथेच. मी अख्खा शब्दच लिहिणार.