आडव्या दांड्यातली टक

आमच्या भावोजींना सगळा रस्ता ‘उद्यामास्तर’ म्हणतो. गाडी सकाळी आणा नाहीतर दुपारी, उत्तर ठरलेलं: “उद्या न्या.” पिकअपच्या पुढच्या चाकांचं काम जाणणारा असा मिस्त्री दुसरा नाही, म्हणून लोक शिव्या घालत का होईना, गाडी सोडून जातात. शेजारीच माझं टायरचं दुकान. त्यामुळे शिव्या ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे. ताई माझी सख्खी बहीण, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

पिकअपला एक वाईट दुखणं जडतं. साठच्या वेगात एक चाक खड्ड्यात आपटलं, की स्टिअरिंग हातातून निसटेल असे झटके मारायला लागतं. पुढची चाकं फडफडतात, बॉनेट नाचतं, आणि गाडी जवळजवळ उभी राहीपर्यंत ते थांबत नाही. ड्रायव्हर म्हणतात, गाडीत भूत शिरलं. भावोजी चिडतात. “भूतबित काही नसतं. कुठेतरी ढिलं असतं आणि कोणी बघितलेलं नसतं.”

त्यांची बघायची रीत वेगळी. गाडी जॅकवर चढवायची नाही. वजन चाकांवरच हवं, नाहीतर ढिलेपणा लपून बसतो. चाकांना दगड लावायचे, इंजिन चालू ठेवायचं. ताई वर बसून स्टिअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे हलवत राहते आणि भावोजी खाली झोपून एकेक सांधा तळव्यात धरतात. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागतं. बारीकशी टक. ताई या कामात इतकी तरबेज आहे, की स्टिअरिंग हलवता हलवता मला संसाराचे सल्ले देते.

पण भावोजींचा हात घरीही थांबत नाही. जेवताना डावा तळवा टेबलाच्या पायावर. दारातून जाताना बिजागरीवर. माझ्या मुलीला बघायला आले, तर चहा निवून गेला तरी हे पाळण्याच्या कडीला हात लावून उभे. “काय मास्तर, पाळणा उद्या मिळेल का?” मी म्हटलं आणि माझाच विनोद म्हणून मीच हसलो. ताई हसली नाही. त्या दिवशी परत जाताना तिनं मला सगळं सांगितलं, आणि मग मलाही हसू येईना.

नऊ वर्षांपूर्वी एका अंडीवाल्याची पिकअप आली होती, असेच झटके मारणारी. मागे अंड्यांचे ट्रे रचलेले, तिकडे दुकानदार खोळंबलेले, आणि हा माणूस दर दोन मिनिटांनी विचारतोय, झालं का? भावोजींनी स्टिअरिंगचा शॉक बदलला. हा शॉक म्हणजे झटके दाबून टाकणारी नळी. नवी बसवली की थरथर जाते. दुखणं जागेवरच राहतं, फक्त कण्हणं बंद होतं. भावोजींना हे तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण चक्कर मारून बघितली, गाडी सरळ चालली, दिली सोडून. खाली कोणी झोपलंच नाही. चौथ्या दिवशी गाडी पुलाचा कठडा तोडून खाली गेली आणि अंडीवाला जागीच गेला.

पंचनाम्यात लिहिलं, चालकाचा ताबा सुटला. भावोजी भंगारातली गाडी बघायला एकटेच गेले. पुढचा आस इकडेतिकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो. त्याच्या बोल्टचं भोक झिजून लांबट झालं होतं. बोट आत जात होतं. त्यांनी हे ताईला सांगितलं, ताईनं मला, आणि आम्ही तिघंही मूठ झाकून बसलो. मीही त्यात होतो, हे लिहिताना लाज वाटते. दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणारा माणूस लोकांना गमतीचा वाटतो. पोळलं होतं दुसऱ्याचंच, हे त्यांना कुठे माहीत?

परवा सकाळी एक पिकअप आली. मागे अंड्यांचे ट्रे. चालवणारी बाई खाली उतरली आणि भावोजींच्या हातातला पाना खाली पडला. अंडीवाल्याची बायको. धंदा आता तीच बघते.

“मास्तर, हिलाही तेच झालंय,” ती म्हणाली. “यांच्या गाडीला तुम्ही तो शॉक टाकला होता ना, लगेच थांबलं होतं. तोच टाकून द्या. मला घाई आहे.”

भावोजींनी पाना उचलला आणि पुसत राहिले. ताईनं माझ्याकडे बघितलं. मी टायरमध्ये हवा भरत होतो. ती किती भरली, देव जाणे.

“शॉकनं भागत नाही,” शेवटी ते म्हणाले.

“यांचं तर भागलं होतं! गाडीचा दोष नव्हताच. दोष माझा.” ती अगदी सहज बोलली, सवयीचं झालेलं. “पुलावर होते तेव्हा मी फोन केला होता, येताना साबण आणा म्हणून. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. एका घरात राहतो. नऊ वर्षं झाली. भिंतीशी बोलतात, शेजारणीशी बोलतात, माझ्याशी नाही.”

मग भावोजींनी जे केलं, ते मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी जमिनीवर धुतलेलं पोतं अंथरलं. “ताई, जरा खाली या,” ते अंडीवालीला म्हणाले. ती गोंधळली, पण पदर खोचून त्यांच्या शेजारी गाडीखाली सरकली. आमची ताई स्टिअरिंगवर बसली. इंजिन सुरू झालं.

“इथे हात ठेवा. लागतंय काही?”

“हो. टकटक होतंय.”

“हीच टक त्यांच्याही गाडीत होती. मी हात लावून बघितलं नाही. शॉक टाकला आणि सोडून दिलं. फोननं काही झालं नाही, ताई. माझ्यामुळे गेले ते.”

आमच्या ताईचे हात थांबले. खालून आवाज आला, “हलवत राहा.” तो अंडीवालीचा होता. ताई रडत हलवत राहिली. किती वेळ, सांगता येत नाही. मग अंडीवाली बाहेर आली. केसांना ग्रीस लागलेलं. मला वाटलं, आता ती हाताला येईल ते फेकून मारणार, आणि खरं सांगतो, मी अडवलं नसतं.

“गाडी राहू दे,” ती म्हणाली. “आधी हे माझ्या सासूला सांगा. आत्ता.”

ताईनं मला पुढे ढकललं, म्हणून मी माझ्या गाडीतून दोघांना नेलं. भावोजींचे हात मांडीवर पालथे पडले होते, प्रथमच काहीही न चाचपता.

दोन खोल्यांचं घर. म्हातारी खिडकीशी खुर्चीत बसली होती. भावोजी तिच्यासमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं, शॉक, दांडा, भोक, भंगारात घातलेलं बोट. तिला कमी ऐकू येतं. तिनं पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळीही त्यांनी एक शब्द गाळला नाही. सून दाराशी उभी होती, चपला न काढता.

म्हातारी बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग मान वळवून दाराकडे पाहिलं.

“सूनबाई,” ती म्हणाली, “यांना पाणी दे आणि जायला सांग.”