गोळीनं बदललेला आवाज
नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी सणसरला आले होते, पदरात एक मुलगी होती. त्या वर्षी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मांडीवर, दंडावर काळेनिळे डाग उठायचे. सासूबाई म्हणाल्या, "आगं, कुठं धडपडलीस का?" मी कुठंच धडपडले नव्हते.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कमरेच्या हाडात सुई घालून तपासणी झाली. हाडातल्या मगजात रक्त तयारच होत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"हे पुरुषाच्या शरीरातल्या हार्मोनसारखं औषध आहे. रक्त वाढेल अशी आशा आहे, खात्री नाही. पाळी थांबेल, ओठावर लव येईल, आवाज घोगरा होईल. औषध बंद केल्यावर बाकीचं बहुतेक जाईल. आवाज कदाचित तसाच राहील."

"दुसरं काय न्हाय का?" नवऱ्यानं विचारलं.

"आपल्या हातात आज हेच आहे. दर महिन्याला लिव्हरची तपासणी मात्र चुकवायची नाही. आणि दिवस राहू द्यायचे नाहीत."

मी मान हलवली. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. परतताना एसटीत मी खिडकीशी झोपले.

तपासणीला बारामतीला जायचे. सुरुवातीला रक्त बाहेरून चढवावं लागे, मग हळूहळू अंगातलंच वाढू लागलं. डाग थांबले. लव आली. आवाज आधी सर्दी झाल्यासारखा फाटला, मग खाली गेला. मुलगी आठवडाभर माझ्या तोंडाकडे बघत राहायची, नंतर तिला सवय झाली.

उन्हाळ्यात निमगाव केतकीला माहेरी गेले. वडिलांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं. दारातूनच मी विचारलं, "आई कुठंय?"

ते लगबगीनं उठले. "या पाव्हणं, बसा. कुठनं आलासा?"

"आबा, मी हाय."

ते जवळ आले. मग चाचपडत माझा हात धरला, कोपरापर्यंत दाबून पाहिला. "लई वाळलीस," एवढंच बोलले. आई आत तोंडाला पदर लावून रडत होती. मला मात्र तहान लागली होती. माठातलं पाणी घेऊन मी प्याले.

पुढच्या वर्षी डोळे पिवळे दिसले. तपासणीत लिव्हर बिघडल्याचं निघालं आणि डॉक्टरीणबाईंनी गोळ्या तिथल्या तिथं बंद केल्या. कावीळ उतरायला वेळ लागला. रक्त कमी होईल म्हणून घरातले सगळे धास्तावले होते. पण ते टिकलं. पाळी आली, लव विरळ झाली.

आवाज राहिला. फोनवर लोक मला साहेब म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही, काम काय ते विचारते.