जुन्या वळणाचं नाव

आमच्याकडे पाच वर्षांत तीन कुत्री झाली. पहिली दोन बिबट्यानं नेली, एक ओट्यावरून आणि एक गोठ्यामागून. त्यांची नावं कुणी ठरवली नव्हती, तोंडात आलं ते ठेवलं होतं. तिसऱ्याचं नाव मात्र नीट विचार करून ठेवलं, आणि ते सुचवलं मी.

आमचं घर शिरूरपासून नऊ किलोमीटरवर, घोड नदीच्या अंगाला आहे. तीन बाजूंनी ऊस आणि एका बाजूला रस्ता. मी सणसवाडीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. घरात आम्ही चौघं: मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आई. आईचं वय कागदावर एक्क्याऐंशी आहे. ती म्हणते, दोन-तीन वर्षं कमी लावलीत.

मुलीनं एका रविवारी मैत्रिणीच्या मळ्यातून पिल्लू आणलं. तांबूस रंगाचं, पुढचा एक पाय पांढरा. पंचेचाळीस दिवसांचं आहे असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. मी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं, दोन किलो शंभर ग्रॅम भरलं. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, चार दिवस घरात रुळू द्या, मग पहिलं इंजेक्शन देऊन टाका, उशीर नको. मला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून मी गुरुवार धरला.

संध्याकाळी चहाच्या वेळी नावाचा विषय निघाला. मुलगी मोबाईल घेऊनच बसली होती.

"पप्पा, हल्ली सगळे कुत्र्यांना जुनी नावं ठेवतात. व्हिंटेज. रॉकी-टायगर कुणी ठेवत नाही आता."

"जुनी म्हणजे किती जुनी?"

"पणजोबांच्या वेळची. गेनू, सोपान, रंगनाथ, म्हादू..."

"सोपान नको," बायको म्हणाली. "सोसायटीचे सचिव हायेत. कुत्र्याला हाक मारायचीस आन् सचिव यायचे भाकरी खायला."

"मग रंगनाथ?"

"वरच्या आळीला दोन आहेत. एक तर आपल्याच भावकीतला," मी म्हणालो.

"किसन?"

"अगं, माझ्या मामाचं नाव हाय!" बायको म्हणाली. "ठेव, ठेव. मामा आला की त्यालाच बांधू ओट्याला."

हसणं झालं. मी वहीचा कागद घेतला आणि नावं लिहून काढली. अकरा झाली. वस्तीत त्या नावाचा जिवंत माणूस असेल तर फुली, हा माझा नियम. सात नावांवर फुली पडली. उरलेल्या चारांत एकही मुलीला आवडेना. मग मीच म्हणालो, केरू ठेव.

ती म्हणाली, हे कसलं नाव? मी तिला समजावून सांगितलं. पूर्वी ज्या घरात मुलं जगत नसत, तिथं पुढचं मूल झालं की त्याला सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवत. शेजारची बाई उचलायची, आणि आई तिच्याकडून पसाभर बाजरी देऊन ते विकत घ्यायची. म्हणजे मूल आपलं नव्हेच, केरात सापडलेलं. नाव केरू, केरबा असलं काहीतरी. असल्या टाकाऊ पोराकडे मरणाची नजर जाणार नाही, अशी समजूत.

"आपली दोन गेली ना," मी म्हणालो, "मग तिसऱ्याला हेच नाव पाहिजे."

मुलीला ते फार आवडलं. "पप्पा, याच्यामागे तर स्टोरी आहे," म्हणाली. तिनं पिल्लाला उचलून तीनदा केरू म्हटलं. आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिनं ऐकलं की नाही, मी बघितलं नाही.

पिल्लू दोन दिवसांत नाव शिकलं. केरू म्हटलं की डावा कान आधी उभा राहायचा, मग उजवा, आणि ते पायात येऊन आपटायचं. आई तेवढी त्याला नावानं बोलवत नव्हती. "ए", "हिकडं ये", "हड". वाटीत दूध-भाकरी कुस्करून तीच घालायची, पण नाव घ्यायची नाही. मला वाटलं, घरात कुत्रं शिवाशिव करतं म्हणून तिला राग असेल.

गुरुवार आला तेव्हा पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह फुटला होता. प्लंबरला दुपार झाली. शिरूरला जाऊन यायला दीड तास लागला असता आणि दवाखाना सातपर्यंत उघडा असतो. म्हणजे जमलं असतं. मी म्हणालो, पिल्लू खेळतंय, आठ दिवसांनी काय बिघडतंय. कारखान्यात कुठल्या मालाची मुदत कधी संपते हे मला तोंडपाठ असतं. एक दिवस उशीर झाला तर मी पोरांना फैलावर घेतो. इथे मी सात दिवस पुढे ढकलले.

पुढच्या मंगळवारी सकाळी पिल्लानं दूध ओकलं. दुपारी मुलीचा फोन आला, पप्पा, रक्त पडतंय. मी अर्धी रजा टाकून आलो. पडवीत कुजका, गोडसर वास भरला होता. तो एकदा नाकात गेला की जात नाही. डॉक्टरांनी पट्टीवर तपासणी केली आणि सांगितलं, पार्वो आहे, पिल्लांच्या आतड्याचा रोग. पाच दिवस काढले तर वाचेल. त्यांनी पायाला सुई बसवली, सलाईन घरी कसं लावायचं ते दाखवलं.

"इंजेक्शन झालं होतं का?" त्यांनी विचारलं.

"परवा करणार होतो," मी म्हणालो. त्यांनी कार्डावर नाव लिहून घेतलं.

पडवीच्या खांबाला सलाईनची बाटली बांधली. मी तक्ता केला: वेळ, किती थेंब, उलटी, शौच, अंगाचा ताप. बुधवारी मी रजाच घेतली. दहाच्या सुमारास आई गोधडी घेऊन आली आणि पिल्लाच्या उशाला बसली.

"त्याचं नाव बदल," ती म्हणाली.

"आई, त्याला रोग झालाय. नावानं काय होतंय?"

"आधी नाव बदल. मग तुझं औषध दे."

"अगं, ते नाव तर वाचण्यासाठीच ठेवतात. मीच ठेवलंय."

"तू ठिवलंस. तुला काय ठावं?" तिनं पिल्लाच्या अंगावरची माशी हाकलली. "माझ्या तिसऱ्याला ठिवलं हुतं. न्हाई वाचला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आम्ही दोघंच भावंडं, मी आणि धाकटी बहीण. माझ्याआधी एक-दोन गेली, असं लहानपणी कधीतरी कानावर आलं होतं. एक की दोन, हे मी विचारलं नव्हतं. बावन्न वर्षांत कधीच नाही.

"तिसऱ्याला म्हणजे?"

"तुझ्या आधीचा. पहिली पोरगी, दीड दिवसाची गेली. मग पोरगा, पाचव्या महिन्यात. मग हा." ती पिल्लाकडे बघूनच बोलत होती. "समदी म्हणाली, जागा बदला. म्हणून केडगावला आईकडं बाळंत झाले. बाराव्या दिशी सुपात घालून उकिरड्याला ठिवला. शेजारच्या मावशीनं उचलला. तिला बाजरी दिली न् घेतला माघारी. केरू नाव ठिवलं. नाक बी टोचलं व्हतं, इवलंसं."

"मग?"

"एकोणिसाव्या दिशी गेला."

मी मनात वजाबाकी केली. ते नाव त्याच्याकडे सात दिवस होतं. पिल्लाला नाव ठेवून त्या दिवशी अकरावा दिवस होता. आकडे जुळत नव्हते. तरी मी ते मनात दोनदा करून पाहिले.

"मग माझं नाव तसलं का नाही ठेवलं?"

"एकदा ठिवून बघितलं की. तुझ्या बारीला म्हणलं, जगायचा तर जगंल. चांगलं नाव तरी मिळू दे त्याला."

"आणि इतके दिवस का नाही सांगितलंस? त्या संध्याकाळीच म्हणायचं होतंस."

"पोरगी हसत व्हती," आई म्हणाली. "तिच्या तोंडचं हसू कशाला घालवू? म्हणलं, कुत्र्याला काय व्हतंय. तितंच चुकलं माझं. मी बोलले असते तर हे झालं नसतं."

मी तिला सांगितलं. स्पष्टच सांगितलं, कारण ते तिच्या डोक्यावर राहू देणं मला पटेना. म्हणालो, "आई, नावाचा काही संबंध नाही. इंजेक्शन गेल्या गुरुवारी द्यायचं होतं. मी दिलं नाही. टाकीमुळे कंटाळा केला. चूक माझी आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझा बाप बी असंच म्हणायचा. सांजच्याला गाडी जुपली असती तर दवाखाना गाठला असता. मरस्तोवर म्हणत व्हता. मी म्हणायचे, नावानं गेला. त्यो म्हणायचा, माझ्यामुळं गेला. दोघं बी भांडायचो." मग म्हणाली, "तू नाव बदल."

मुलगी कॉलेजातून आली तेव्हा मी तिला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. आधी ती चिडली. "पप्पा, तुम्हीच म्हणता ना, असलं काही नसतं? मग आता?" मी म्हणालो, आजीसाठी. ती बराच वेळ बुटाची लेस सोडत बसली. मग आत जाऊन आजीच्या मांडीला टेकून बसली आणि म्हणाली, "आजपासून मोती." आईनं मान हलवली. मी तक्त्यावरचं नाव खोडून वर मोती लिहिलं.

गुरुवारी माझी सुट्टी होती. त्याच सकाळी मी त्याला इंजेक्शनला नेणार होतो. नेलं दवाखान्यातच, सलाईनची सुई निघाली होती म्हणून. डॉक्टरांनी दुसऱ्या पायाला शीर शोधली. वजन एक किलो सहाशे. अर्धा किलो गेलं होतं. मी विचारलं, किती टक्के शक्यता आहे. ते म्हणाले, आता टक्के विचारू नका.

दिवसभर आम्ही त्याला मोती म्हणत राहिलो. मोती, पाणी घे. मोती, इकडे बघ. ते नाव त्याचं नव्हतंच. आठवणीत असलेलं एकच नाव, आणि ते आम्ही काढून घेतलं होतं. मुलगी वाकून मोती म्हणायची तेव्हा ते तिच्या तोंडाकडे बघायचं, कान पडलेलेच.

शुक्रवारी मी परत रजा घेतली. उलट्या थांबल्या होत्या. मी तक्त्यात तसं लिहिलं आणि बायकोला म्हणालो, हे चांगलं लक्षण असेल. ती म्हणाली, "ओकायला बी काय राहिलं न्हाई त्याच्यात." तीन वाजता अंग गार लागायला लागलं. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. श्वास मोजला, मिनिटाला चौदा. थोड्या वेळानं नऊ. मुलगी मोती, मोती करत होती.

आई जवळ सरकली. तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला गप्प केलं आणि वाकून म्हणाली, "केरू."

डावा कान हलला. उभा राहिला नाही, टोकाला थरथरला फक्त. आम्ही चौघांनीही पाहिला.

"केरू," ती परत म्हणाली. "हाय रं मी. हितंच हाय."

"आई," मी म्हणालो, "तूच तर..."

"असू दे. त्याला जायचंच हाय." तिनं त्याच्या कपाळावर बोट फिरवलं, लहान बाळाच्या फिरवतात तसं. "माझ्या लेकराला शेवटाला नावानं हाक मारू दिली न्हाई. बाया म्हणल्या, नाव घेतलंस तर जीव अडकंल, गप बस. मी तोंडात पदर धरून बसले. त्यो माझ्याकडं बघत व्हता." मग आमच्याकडे न बघता ती हाका मारत राहिली. मोठ्यानं नाही, स्वयंपाकघरातून पोराला बोलवावं तेवढ्याच आवाजात. केरू. केरू. ये. ये रं बाबा.

कान आणखी दोनदा हलला. चार वाजून दहा मिनिटांनी श्वास थांबला, पण आई थांबली नाही. मी तिला सांगितलं नाही. बायकोनं सलाईनची नळी बंद केली, तेव्हा तिला कळलं.

मुलगी आत जाऊन झोपली, तिनं तोंडावर ओढणी घेतली. मी टिकाव आणि खोरं घेऊन उसाच्या कडेला गेलो, पेरूच्या झाडापलीकडे. पिल्लू आईच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं. ते तिनंच काढून दिलं. ऊन उतरलं होतं, जमीन कडक होती. फूटभर खणलं तोवर आई काठी टेकत तिथवर आली. एवढ्या लांब ती वर्षभरात आली नव्हती.

तिनं खड्ड्यात वाकून बघितलं.

"आणखी खण," ती म्हणाली. "दोन हात तरी कर. तुझ्या बापानं तवा हातभरच केला हुता. सकाळी जाऊन बघितलं तर उकरलेला."

मी तिच्याकडे बघितलं नाही. दोन हात म्हणजे तीन फूट. मी साडेतीन खणला. मग तिला विचारलं, पुरे का? ती म्हणाली, वर दगड पण ठेव. मी बांधावरून दगड आणायला गेलो, आणि ती तोपर्यंत लुगड्यातलं ते गाठोडं मांडीवर घेऊन खड्ड्याच्या काठावर बसून राहिली.