कौसल्याबाईचा शब्द

परळच्या त्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांची बाळं वरच्या मजल्यावर काचेच्या पेट्यांत असायची आणि बाळंतिणी खाली वॉर्डात. वर कुणाला सोडत नसत. बातमी घेऊन जिना उतरायची ती लालबागची कौसल्याबाई, तिथली आया. पदर खोचून ती दारात उभी राहिली, की नाटकाचा पडदा वर गेल्यासारखा अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा.

"दुर्गे, तुझ्या लेकानं आज दूध टाकलं गो. काळजी आहे. पण रडतोय मात्र दणकून!"

वाईटही ती तोंडावर सांगायची, म्हणून तर तिच्या चांगल्यावर बायकांचा भरवसा.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला सकाळपासून जखमींकडे धाडलं होतं. संध्याकाळी परतली तर मॅट्रनबाई जिन्यातच भेटल्या.

"चंपाला सांग, मुलगी छान आहे. दूध पितेय."

कौसल्या जवळजवळ धावतच खाली गेली. चंपा उठून बसली. "खरंच?"

"मी कधी खोटं बोललेय?"

चंपानं भिंतीकडे तोंड करून वाटीत दूध काढलं. "जप हां. तुझे हात बोलताना लई नाचतात!"

वर नर्सनं वाटी पाहिली. "हे कुणाला?"

"चंपाच्या मुलीला."

"अगं, ती सकाळीच गेली. बाप येऊन घेऊनही गेला."

कौसल्या तशीच मॅट्रनबाईंपुढे उभी राहिली. त्यांनी नजर टाळली. "तिचा नवरा दत्तारामच हात जोडून म्हणाला, बायको अशक्त आहे, इतक्यात कळू देऊ नका."

"मग तुम्ही सांगायचं होतं. मला कशाला पुढं केलंत?"

"आमचं तिनं मानलं नसतं."

कौसल्या खाली आली. चंपाजवळ बसून तिनं सगळं सांगितलं. चंपा रडली नाही.

"ह्यांना ठाऊक होतं?"

"होय."

"आणि तुला?"

"आत्ता कळलं गो. शप्पथ."

चंपानं तिच्याकडे पाहिलं, आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौसल्या दारात उभी राहिली. "दुर्गे, लेक बरा आहे तुझा. दूध पचलं."

दुर्गा खाटेवरून उतरली, भिंतीचा आधार घेत जिन्याकडे निघाली.

"अगं, वर सोडत नाहीत!"

"नसू देत. मी माझ्या डोळ्यांनी बघणार."

कौसल्यानं तिला अडवलं नाही.