मी ‘खोकला’ असंच लिहिलं

मेलबर्नच्या त्या लांबलेल्या लॉकडाऊनमध्ये मी क्रेगीबर्नच्या आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या एका वृद्धाश्रमात केअरर होते. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, आणि शिफ्ट संपताना प्रत्येकाची नोंद कॉम्प्युटरवर लिहायची. पुण्यात मी मायक्रोबायोलॉजी शिकले होते. इथे आल्यावर ती डिग्री फाइलमध्येच राहिली.

सात नंबरच्या खोलीत एक ग्रीक आजी होत्या. उभं आयुष्य त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन चालवलं होतं. स्मृतिभ्रंशाने त्यांचं इंग्रजी पुसून टाकलं, उरली फक्त ग्रीक. ती मला येत नव्हती, म्हणून मी सरळ मराठीत बोलायचे. “आजी, आ करा बघू,” म्हटलं की करायच्या.

एका मंगळवारी सकाळी त्यांनी पहिलाच चमचा परत ढकलला आणि खोकायला लागल्या. खोकला कोरडा, थांबतच नव्हता. अंग तापलं होतं. मी ताप मोजला, नर्सला सांगितलं आणि नोंदीत लिहिलं: खोकला, ताप, खायला नकार.

दुपारी मॅनेजरबाईंनी ऑफिसात बोलावलं.

“ही नोंद बदल. ‘थकल्यासारख्या वाटतात’, एवढंच लिही. दर हिवाळ्यात त्यांचं असंच असतं.”

“मग कोविडची टेस्ट करूया ना.”

“टेस्ट म्हटली की सगळं बंद करावं लागतं. घरच्यांचे फोन सुरू होतात. तू केअरर आहेस, डॉक्टर नाहीस.”

“डॉक्टर नाहीये, पण खोकला मला ऐकू येतो.”

मॅनेजरबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, “पुढच्या आठवड्याच्या शिफ्टचा रोस्टर अजून व्हायचाय.”

मी बाहेर आले. माझी पंजाबी मैत्रीण, तीही केअररच, कुजबुजली, “दीदी, लिख दे ना जो बोल रही है. शिफ्ट चली जाएगी.” तिचं चुकत नव्हतं. तिचा पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, अडकला होता. माझा झाला होता. म्हणजे गप्प बसायला माझ्याकडे कारणच नव्हतं. नोंद मी तशीच ठेवली.

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी राज्याच्या आरोग्य खात्याला फोन लावला. खूप वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एका माणसाने सगळं उतरवून घेतलं आणि विचारलं, “नाव गुप्त ठेवू?”

“नको. लिहा,” मी म्हणाले, आणि माझं आडनाव एकेक अक्षर करत दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पीपीई गाऊन घातलेली आरोग्य खात्याची माणसं आली. सगळ्यांचे स्वॅब घेतले. आजी पॉझिटिव्ह, त्याच कॉरिडॉरमधले आणखी दोघं पॉझिटिव्ह, आणि मीही. मी मागच्या बेडरूममध्ये बंद झाले. नवरा दाराबाहेर ताट ठेवून जायचा. लेक दारापलीकडून विचारायची, “आई, आर यू ओके?” मी रोज “हो” म्हणायचे. दोन दिवस ते खोटं होतं.

मी आत असतानाच आजी गेल्या. नर्सने मला विचारून त्यांच्या मुलाला माझा नंबर दिला. फोनवर तो आधी नुसता रडला. मग म्हणाला, “मला तर आई थकलीय एवढंच सांगितलं होतं.”

“नाही,” मी म्हणाले. “त्यांना खोकला होता, ताप होता. मी वेळेसकट लिहिलंय. ती नोंद मागा. नाही दिली तर पुन्हा मागा.”

त्याला ती तीनदा मागावी लागली. मग मिळाली.

बरी झाले तेव्हा माझं नाव रोस्टरवर नव्हतं. नवरा म्हणाला, “सोड ना, दुसरीकडे बघ.” काम दुसरीकडेही मिळालं असतं. पण मी काय चुकीचं केलं होतं? शिफ्ट का बंद केल्या ते लेखी द्या, असा ईमेल मी केला. उत्तर आलं नाही. मग युनियनमार्फत केला. पुढच्याच आठवड्यात रोस्टर आला, त्यात माझ्या नेहमीच्या चारही शिफ्ट होत्या.

सोमवारी मी मास्क लावून पुढच्या दाराने आत गेले. मॅनेजरबाई रिसेप्शनपाशी उभ्या होत्या. मी “गुड मॉर्निंग” म्हणाले, त्या उत्तर देईपर्यंत तिथेच थांबले, आणि मग कामाला लागले.